डाख

खोक्यावर लिहिलंय : वय दहा ते चौदा.
मी चौपन्न. शेवटचा चार तेवढा जुळतो.

टेबलावर मेणकापड, त्यावर ओतल्या
बासष्ट वस्तू. यादीत त्रेसष्ट.
एक स्क्रू कमी. गिरणीतही असंच,
दर गाठोड्यात एखादा खिसा हरवलेला.

सव्वीस वर्षं पँटींच्या शिवणी मारल्या
क्लायपेदाच्या बंदरामागे.
गिरणी गेली. भोंगा तेवढा
कितीतरी दिवस कानात सव्वासहाला वाजायचा.
रोजगार कार्यालयातली पोरगी म्हणाली,
आता सर्किटं जुळवायला माणसं लागतात, बाई,
जमेल तुम्हाला?
म्हटलं, विचारून सांगते.
कुणाला विचारणार? हातांनाच.

रेझिस्टर लगेच कळले.
तपकिरी, काळा, नारिंगी : दहा हजार.
लाल, लाल, तपकिरी : दोनशे वीस.
रिळांवर पोसलेला डोळा आहे हा,
चारशे बारा नंबरचा निळा आणि चारशे तेराचा
ट्यूबलाइटखाली वेगळे काढणारा.

डाख मात्र ऐकेना.
वरच्या मजल्यावरच्या कास्तीतिसनं
(मासेमारीच्या जहाजांवर बिनतारी यंत्र सांभाळलेला माणूस)
आपली सोल्डरची कांडी दिली. म्हणाला,
दांगुओले, तारेला तापव, कथलाला नको.
कथील आपणहून येतं.
पहिला थेंब गोळा होऊन बसला,
रुसलेल्या पोरासारखा, कुणालाच न चिकटता.
दुसरा शेजारच्या घरात शिरला.
तिसऱ्याला एक ट्रान्झिस्टर जळाला
आणि माझ्या तर्जनीचं टोक,
जिथे नोकरीच्या पहिल्या वर्षी सुई आरपार गेली होती,
बरोबर तिथेच.

चुकलेली शिवण उसवता येते.
चुकलेला डाखही उसवता येतो,
हे चौथ्या दिवशी कळलं :
तांब्याची बारीक वेणी ठेवायची, वरून कांडी टेकवायची,
धातू वेणीत चढतो,
भोक पुन्हा मोकळं, कोरं.
त्या रात्री एक धडधाकट सांधा
मी मुद्दाम दोनदा उसवला.
नुसतं बघायला.

रविवारी चाकं लावली.
हरवलेल्या स्क्रूच्या जागी वाकवलेली टाचणी.
जमिनीवर काळ्या चिकटपट्टीची वाट :
फडताळ, स्टोव्ह, खुर्ची, परत फडताळ.
बटण दाबलं
तर हा जागच्या जागी फिरायला लागला,
गोल, गोल,
शेपूट नसताना शेपूट शोधत.
डाव्या मोटारीची तार उलटी. मला तेव्हाच दिसलं.
तरी दोन मिनिटं थांबवला नाही.
गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात
ह्याच लिनोलियमवर मी अशीच.

तार बदलली. निघाला.
फडताळ, स्टोव्ह, आणि खुर्चीपाशी
वाट सोडून थेट भिंतीवर.
पुन्हा सोडला. पुन्हा खुर्चीपाशीच.
पुस्तिकेचं शेवटचं पान, कुठल्या तरी भाषेतून
धापा टाकत आलेलं, सांगतं :
'संवेदकास स्वच्छ करून आनंद घेणे.'
स्वच्छ केला. आनंद झाला नाही.

कास्तीतिस दारात उभा, टोपी हातात.
बराच वेळ बघून म्हणाला, ऊन.
जानेवारीतलं तीन वाजताचं ऊन,
आमच्याकडे ते जमिनीलगतच येतं,
खुर्चीच्या पायांमधून, अंग चोरून,
आणि त्या दोन बारक्या डोळ्यांना
काळं-पांढरं एकच करून टाकतं.
पडदा ओढ, तो म्हणाला.

हो म्हटलं, आणि ओढला नाही.
नऊ दिवसांनी आलं होतं ऊन.
रोबो बंद केला, होता तिथेच,
भिंतीला नाक लावून.
राईचा पाव कापला, शहाजिऱ्याचं चीज.
दोघं बसलो, पाय उन्हात ठेवून.
तो कुठल्याशा वादळाबद्दल सांगत होता,
मी अर्धं ऐकलं.

साडेचारला जमीन राखाडी झाली.
बटण.
फडताळ, स्टोव्ह, खुर्ची.
कास्तीतिसनं दोन्ही पाय वर उचलून घेतले,
वाट द्यायला.