अडतीस नंबरचा सांधा

वैरागच्या पुढे, माळावर, साडेतीन किलोमीटर चर.
वर मुरूम, खाली पहारीला दाद न देणारा दगड,
आणि मधेच काळ्या मातीची एक पट्टी,
मे महिन्यात इतकी भेगाळलेली
की अंबादासमामांचा बारा-तेराचा पाना तिच्यात गेला
तो अजून तिथेच असेल.

पंख्याचं पातं चढवतात तेव्हा गाव मोबाईल काढतं.
आमचं काम गुडघे टेकून.
तेहतीस केव्हीची केबल, पोटरीएवढी जाड,
ड्रम संपला की सांधा,
पुढचा ड्रम, पुन्हा सांधा.

अंबादास म्याकल. सोलापूर, पूर्व भाग.
वडील मागावर सांधणी करायचे :
संपत आलेल्या ताण्याचं एकेक टोक
नव्या ताण्याच्या टोकाला,
बोटांना राख लावून, दोन हजार चारशे वेळा.
अतुकू म्हणायचे ते, तेलुगूत.
अतुकू चुकला की कापड बोलतं.
"इथं बोलत नाही," मामा म्हणाले, "इथं गप बसतं. मग फुटतं."

काळा थर काचेच्या तुकड्यानं खरवडायचा.
खाली खरवसासारखं पांढरं निघतं,
त्यावर नख उमटलं तरी पुन्हा घासायचं.
पुसायचं तारेकडून काळ्याकडे. उलट कधीच नाही.
एकदा फिरलेलं फडकं दुसऱ्यांदा नाही.
सगळा खटाटोप वाऱ्यासाठी,
आणि वारा तेवढा आत येऊ द्यायचा नाही.
राईएवढी पोकळी राहिली
तर आत बसून कुरतडत राहतो.

म्हणून खड्ड्यावर ताडपत्री,
ताडपत्रीला आतून मामांच्या घरची चादर,
विरलेली, मोरांची.
दिवसभराची धूळ मोरांच्या पोटात.
संध्याकाळी झटकली की पिवळा ढग उठायचा
आणि मामा तोंड फिरवायचे.

सबस्टेशनला अर्थिंगचे खड्डे :
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
वर टँकरचं पाणी.
रीडिंग एक ओहमच्या खाली यायला तयार नाही.
शेळ्यांमागची जैतूनबी चाची थांबली.
"जमिनीला पाजताय होय?"
कुणी काही बोललं नाही.
तिनं दोन घागरी भरून घेतल्या, मग म्हणाली,
"पाजा आता."

अडतीस नंबर मी केला.
मामा डोळे दाखवायला सोलापूरला,
साईट इंजिनिअरचे सकाळपासून चार फोन,
आणि दुपारी ताडपत्रीची एक दोरी सुटली.
फार नाही. चहा ओतायला लागतो तेवढा वेळ.
मी फडकं फिरवलं. नवं काढलं नाही, तेच.
स्लीव्हवर ज्योत धरली, ती आडवी पळत होती,
तरी आक्रसली स्लीव्ह, गुळगुळीत, देखणी.
वहीत लिहिलं : जॉइंट क्र. ३८, जॉइंटर अ. म्याकल,
वारा मध्यम.

वाळू, विटा, लाल पट्टी, माती.
चार्जिंगच्या रात्री काहीच झालं नाही,
म्हणजे सगळं नीट झालं.
पेढे बार्शीहून आले होते.

अकराव्या महिन्यात, पहाटे, फीडर पडला.
यंत्र लावून एकेक मीटर मोजत आले
आणि माझ्याच दगडापाशी थांबले.
दोन माणसांनी विटा काढल्या.
मामांनी सांधा करवतीनं कापून घेतला,
फुटल्या जागेला लागूनच, जिथे अजून पांढरं होतं तिथून
एक चकती उन्हात धरली.
त्या पांढऱ्यात झाड होतं.
तपकिरी, नखाएवढं,
बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या.
विजेनं रोज थोडं थोडं वाढवलेलं.
चहूकडे माळ. सावलीला एक बाभूळसुद्धा नाही.

मामांनी वही मागितली. पान काढलं.
स्वतःचं नाव वाचलं.
कितीतरी वेळ तिथेच बोट.

मग खिशातून काच काढून माझ्या हातात दिली,
स्वतः ताडपत्रीची दोरी बांधायला गेले,
दोन गाठी मारल्या,
ओढून पाहिली,
तिसरी मारली.