हात राहिले

दारात वाकले मी, सवयीनं, बूट काढायला.
"छे छे, असू देत," डोरीन कॅचपोल म्हणाल्या,
"ती स्वतः चिखलाच्या बुटांनी फिरायची घरभर."
सफोकचा खारा वारा माझ्याआधी आत शिरला
आणि तिकिटाचे नऊ पौंड
मी अकरा वर्षांनंतरही रुपयांत मोजले.

ॲग्नेस थर्लो इथे राहायची. एकटी.
तिची खुर्ची, दोरीपलीकडे.
तिचा चष्मा, आता स्वतःच काचेआड,
एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
मोरीतल्या दगडी कुंडीला निळा डाग.
"घासायचा नाही, अशी लेखी सूचना आहे आम्हाला.
ती मात्र रोज घासायची."

टरपेंटाइनचा वास अजून येतोय? मी विचारलं.
डोरीनबाई जवळ सरकल्या, आवाज खाली आणून:
"दर सोमवारी चिंधीवर दोन थेंब टाकते मी.
नाहीतर लोक हिरमुसतात."

वर, उत्तरेच्या खिडकीची खोली.
भिंतीवर एक मुलगी, सात-आठ वर्षांची,
लोकरीच्या टोपीचा एकेक टाका मोजून घ्यावा असा.
अर्धं सोललेलं सफरचंद अधांतरी,
खाली लोंबणारी साल, लाल, ओली.
आणि जिथे हात हवेत
तिथे कोरा कॅनव्हास,
कोळशाच्या चार रेघा.

पाटीवर लिहिलंय: हात हेतुपुरस्सर वगळले असावेत.
श्रमाची अदृश्यता, वगैरे.
मी मान डोलावत वाचत होते.

"थंडी होती हो," मागून आवाज आला.
"मी सारखी हात काखेत घालायची.
ती ओरडायची, हात! हात कुठे गेले!
मग एक बिस्किट. एकच.
चौथ्या दिवशी आईनं पाठवलंच नाही,
बटाटे काढायला माणसं कमी होती."

मी चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.
कान तेच. जरा पुढे आलेले.

"पाटीचं सांगितलं नाहीत कुणाला?"
"सांगितलं की. समितीत ठराव झाला,
माझी आठवण नोंदवून घ्यावी.
घेतली. कपाटात आहे.
गावात अजून विचारतात मला,
डोरीन, पुरी कधी होणार तू?"
आणि हसल्या, खोकला येईपर्यंत.

चार वाजता बंद.
एकेका खोलीतला दिवा मालवत त्या खाली आल्या,
किल्ल्यांचा जुडगा दातांत धरून कोट चढवला.
वरचं बटण लागेना.
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी,
काज घट्ट, नव्या कोटाचं.
दोनदा निसटलं, तिसऱ्यांदाही.
मग त्या काही न बोलता थांबल्या
आणि हनुवटी वर केली,
शाळेत निघालेलं पोर करतं तशी.

लावलं मी.

"काय गार आहेत गं तुझे हात," त्या म्हणाल्या,
कुलूप घातलं, उतारानं निघून गेल्या.

बसला वीस मिनिटं होती.
थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.
मी हात काखेत घातले.