सातवी गाठ

एन्गुरी नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे दगडी बुरूज घरांपेक्षा उंच
आणि घरांपेक्षा रिकामे,
बेका गुलबानी चढला एका बुरुजावर
ताटलीएवढा अँटेना, एक खोका, मोटारीची जुनी बॅटरी घेऊन.
खाली त्सिउरी शिडी धरून.

हे काय करतं?
काही नाही, तो वरून ओरडला,
तीनकडून आलेलं नऊला देतं,
नऊकडून आलेलं तीनला.
स्वतःला काय ठेवतं?
काहीच नाही.
मग माझ्या नवऱ्याच्या अगदी उलट, ती म्हणाली,
आणि शिडी हसण्याने हलली.

नोड.
माझ्या भाषेत गाठ म्हणता येईल.
पण आमची गाठ धरून ठेवते,
पदराची पैसा, मनाची राग.
ही धरते ती सोडण्यासाठी.
वरचा पत्ता तेवढा वाचते,
आतलं उघडत नाही.

निरोप अख्खा जात नाही, बेकाने समजावलं,
तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि आकडा,
तिकडे पोचले की पुन्हा जुळतात.
त्सिउरीला हे लगेच पटलं.
तीही स्वेटर तसाच पाठवायची बियावीस्तोकला लेकीकडे,
बाह्या एका ड्रायव्हरबरोबर, पाठ दुसऱ्याबरोबर,
सोबत सुई.

रोजची वर्दळ पाचवरून,
मुर्झाकानच्या गोठ्यावरून, ती सोपी वाट.
सात नुसती असायची.
महिन्याला विजेचे आठ लारी,
आणि एक हिरवा दिवा,
जेवून पेंगलेल्या माणसासारखा मधूनच डोळा उघडणारा.

फेब्रुवारीत एका रात्री डोंगर खाली आला.
आवाज नंतर आला. आधी दिवे गेले.
पाच गप्प.
आणि खोऱ्यातलं सगळं बोलणं
वळून, वाट शोधत, त्सिउरीच्या डोक्यावरून जाऊ लागलं.
तिचा फोन बटणांचा,
त्यातलं एक अक्षरही त्याच्यात मावलं नसतं.
दिवा मात्र दिसत होता:
उघडझाप करायला उसंत नाही,
सलग हिरवा.

मग तो पिवळा झाला.
पिवळा म्हणजे बॅटरी, हे बेकाने सांगितलं होतं.
तिने ट्रॅक्टरची बॅटरी काढली,
शालीत बांधून पाठीवर घेतली,
चार मजले, तीन शिड्या,
लाल लालला, काळं काळ्याला,
आणि रिकामी झालेली शाल खोक्याभोवती गुंडाळली.
यंत्राला थंडी वाजते का, हे विचारायला कोणी नव्हतं.
ती तिथेच बसली.
कोण कुणाला काय म्हणत होतं?
डॉक्टर, इकडे या. आम्ही आहोत. गाय गेली.
कोणीतरी नक्की भांडतही असणार,
अशा रात्रीसुद्धा.

सकाळी दहाला वरच्या वाडीची लामारा आली,
कमरेएवढ्या बर्फातून, नऊकडून.
नानुलीला मुलगी झाली! मला मेसेज आला.
किती वाजता?
लामाराने फोन पुसला. दोन वाजून दहा.

त्सिउरी चुलीपाशी वाकली, एक लाकूड सरकवलं.
दोन वाजून दहाला मी वर होते, ती म्हणाली.
कुठे वर?
खोक्यापाशी.
मग, जरा थांबून: हात होता त्याच्यावर.

लामाराला काही कळलं नाही.
तिने बूट काढून उलटे केले,
बर्फ जमिनीवर पडला.
किती वजनाची आहे? त्सिउरीने विचारलं.
ते नाही लिहिलं.
मग परत पाठव, विचार तिला.
चहा घे आणि जा.

वर चौथ्या मजल्यावर, शालीच्या आत,
सात दर दहा सेकंदांनी पाचला विचारत होती:
आहेस का?
आहेस का?
बेका म्हणतो, ती विचारणं बंद करत नाही,
तिला तसंच बनवलं आहे.

पाचचं उत्तर मे महिन्यात आलं,
नव्या गोठ्यावरून.
मुर्झाकानचा मुलगा शिडी धरून उभा होता.