घेटुळी

सोहारच्या इस्पितळात डॉक्टरनं पहिलंच विचारलं :
काय घातलंस?

आर्कची झळ लागली होती, एवढंच.
घाईत काच वर करून एक टाका मारला,
रात्री डोळ्यांत रेती.
वेल्डरला ही रेती नवी नाही.
तन्वीर मुकादम म्हणाला, गार पट्टी ठेव, झोप,
सकाळी दवाखान्यात जाऊ.
पण माझ्याकडे बाटली होती.

भागीआत्याची. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली,
लेबल अर्धं खरवडलेलं,
आत मधात उगाळलेलं घेटुळीचं मूळ.
शिमग्याला भरली, लुंगीच्या घडीतून विमानानं आली
आणि कॅम्पच्या खिडकीत ऑगस्टपर्यंत उभी राहिली,
पडद्यामागे, उन्हात.

झोंबलं.
झोंबतं म्हणजे लागू पडतं, आत्या म्हणते.
तीन रात्री झोंबू दिलं.
चौथ्या सकाळी ट्यूबलाइटभोवती कडं,
आणि बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

काय घातलंस?
घेटुळी, म्हटलं.
नर्स शायनीनं ते तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
हिंदीत नाव आठवेना, अरबीत तर कुठलं.
मग हातानं दाखवलं : अशी जमिनीलगत पसरते,
बारीक गुलाबी फूल, बकऱ्या खातात.

डॉक्टर रय्या हसल्या नाहीत.
आमच्याकडेही होती डबी, म्हणाल्या, आईची, सुरम्याची.
तुझं झाड मला ठाऊक नाही, त्याला दोष देत नाही.
पण बाटली कुणी उकळली होती?
मूळ कुठल्या पाण्यात धुतलं?
वाईट काही पोटात गेलं तर पोट ओकून टाकतं.
डोळ्याला ओकता येत नाही.

आता तासातासाला थेंब. रात्रीसुद्धा.
अलार्म वाजला की तन्वीर शिव्या घालत उठतो,
हात धुतो, माझी पापणी ओढतो.

शुक्रवारी आत्याचा व्हिडिओ कॉल.
बरं वाटलं ना रे? दुसरी पाठवते,
शृंगारतळीचा एक पोरगा येतोय तिकडे.
मी खरं सांगायला तोंड उघडलं
आणि पाहिलं : फोन तिनं नाकाला टेकवलाय,
पडदाभर एकच डोळा,
त्यात दूध सांडल्यासारखं काहीतरी.

आत्ये, तू काय घालतेस?

मी?
तेच की.