रकाना क्रमांक सात

लांकोच्या सरकारी कचेरीत माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
लहान धंद्यांचे अर्ज माझ्याकडे येतात:
शिंपी, सायकली दुरुस्त करणारे, मध विकणारी एक विधवा,
आणि ऑगस्टच्या गारठ्यात
एदुविना कात्रिलेओचा, पीठ लागलेला.

अर्जाला पीठ लागलं तर काय करायचं
हे नियमावलीत नाही.
मी फुंकर मारली.

हवंय काय: नवी भट्टी.
जुनीला काय झालं: "पाठ फुटलीय. लाकूड खाते
आणि धूर आमच्याच घरात ओकते."
धंदा कधीपासून: "सासऱ्यांपासून."
रकाना सात, कामगार किती:
आधी चार. खोडून तीन. तेही खोडून
नुसतं एक भोक,
पेन्सिल कागदाच्या पलीकडे गेलेली.

नियम मला तोंडपाठ आहे.
निदान एक पगारी माणूस हवा. पगाराची पावती जोडा.

पाहणीला पहाटे चारला गेले. तेव्हाच सगळे सापडतात.
ओसिएल कणीक तिंबत होता, कोपरापर्यंत पांढरा.
धाकटा एलियासेर उल्मोची ढलपी फोडत होता झोपेतच.
थोरली यानिना लांब फळीवरून पाव आत सरकवत होती,
चार पाकळ्यांचे, इथे सगळे खातात ते.
एदुविना भिंतीवर खडूने उधारी मांडत होती.

"यांतलं पगारी कोण?"
ओसिएल हसला. मग थांबला,
जणू मी विचारलं होतं,
यांतलं तुमचं कोण.

निघताना दारात मी म्हटलं,
पावती असेल तो कामगार.
नात्याबद्दल नियम गप्प आहे.
(एवढं बोलायचाही मला अधिकार नव्हता.)

रविवारी त्यांनी पावतीपुस्तक आणलं.
यानिना सव्वीस वर्षांची. भट्टीपुढे अकरा वर्षं.
बापाने अंगठा जिभेला लावून नोटा दोनदा मोजल्या,
परक्याला देतात तशा.
तिने सही केली. स्वतःच्या नावापुढचा आकडा
बराच वेळ वाचला.
संध्याकाळी त्याच नोटा पिठाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या.
पावती नाही गेली.
माझ्या फायलीत आहे ती नक्कल,
अस्सल तिच्या ॲप्रनच्या खिशात.

"आणि माझी कोण फाडणार?" एदुविनाने विचारलं म्हणे.
कुणी बोललं नाही.
ओल्या लाकडाने तेवढी सूं सूं केली.

अर्ज मंजूर झाला. म्हणजे काय, तर
भट्टी आधी विकत घ्या,
बिलं दाखवा, मग सरकार पैसे देईल.
ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पैसे.
हे वाक्य मी दिवसातून सहादा बोलते,
अर्थात दुसऱ्या शब्दांत.
त्यांनी पाव पोचवायची गाडी विकली.
सात महिने एलियासेर सायकलवर टोपल्या बांधून
चढ चढत राहिला. मी खिडकीतून पाहायची.
खिडकी तिसऱ्या टेबलावरून तशी नीट दिसत नाही.
मी उठून पाहायची.

आता भट्टी गॅसवर आहे. चारी पाकळ्या एकसारख्या.
गिऱ्हाइकं कुरकुरतात, पूर्वीचा करपट वास नाही.
मीही कुरकुरते. धूर त्यांच्या घरात होता,
चव आमच्या.

परवा दुसऱ्या योजनेचा अर्ज आला.
पीठ नव्हतं. पेनाने लिहिलेला.
रकाना सात: दोन.
दोन पावत्या टाचलेल्या. एक यानिनाची.
दुसरीवर मालकाची सही ओसिएलची, वाकडीतिकडी,
बाकी सगळं, नाव, तारीख, रक्कम,
भिंतीवरच्या उधारीच्या अक्षरात.

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: कागदपत्रं पूर्ण.
मग शिक्का मारला,
जरा जोरातच.