श्वास रोखा

एमवाय हॉस्पिटलच्या तळमजल्यावर
सव्वीस वर्षं मी तेच म्हणतोय:
श्वास रोखा.
मग बटण.
मग: सोडा.

रविवारी गंगवालहून पहाटेची बस.
धार, कुक्षीकडचा फाटा, बाग,
आणि पुढे दीड कोस पायी.
वाट म्हणावी अशी नव्हतीच,
शेळ्यांनी घातलेली एक रेघ
ताडांखालून कोरड्या नाल्यात उतरत होती.

नानसिंग बोलत नाही, थांबतो.
तो थांबला की बघायचं.
बघितलं: दगड.
वाकून बघितलं: दगडच.
मग त्यानं माझ्याच बाटलीतलं पाणी
कातळावर ओतलं, निम्मं,

आणि डार्करूमच्या ट्रेमध्ये पूर्वी यायची तशी
हळूहळू वर आली
एक मांडी.
फीमर, मी म्हणालो, सवयीनं.
माझ्या खांद्याएवढी लांब,
खुब्यात बसणारं टोक शाबूत,
आणि मध्यावर जरा खाली
एक गाठ.

ती गाठ मी ओळखतो.
मोडून जुळलेलं हाड असंच फुगतं.
ना प्लास्टर, ना सळई,
ना नंबर लावायला पहाटे आलेला भाऊ.
लंगडला असेल एक पावसाळा,
कळपाच्या मागे मागे,
मिळेल तो पाला खाऊन.
तरी जुळलं.

जीभ लावा साहेब, नानसिंग म्हणाला,
हाड असलं तर धरतं.
चौपन्न वर्षांचा सरकारी माणूस मी,
इकडेतिकडे पाहिलं,
गुडघे टेकले,
कोरड्या बाजूच्या एका कपचीला
जीभ लावली.
धरली तिनं.
लहान पोर बोट धरतं तेवढ्याच जोरानं.

परतताना बांधावर एक गोल दगड,
शेंदूर, नारळाची शेंडी.
हा आमचा राखणदार.
भोपाळचे लोक सांगून गेले, अंडं आहे.
आणि तू काय म्हणतोस?
अंडं निघालं म्हणून
राखण सोडतो का कोणी?
उरलेलं पाणी त्यानं त्याच्यावर ओतलं.
मी तहानलेलाच बसमध्ये चढलो.

सोमवारी पहिला नंबर
नऊ वर्षांच्या मुलीचा, छातीचा.
श्वास रोख, म्हणालो,
आणि हात बटणावर तसाच राहिला.
त्या नाल्यात कुणीतरी
साडेसहा कोटी वर्षं रोखून धरलाय,
त्याला पुढचं सांगायला
कुणी आलंच नाही.

काचेपलीकडे पोर लालबुंद.
सोड, मी ओरडलो, सोड गं बाई!
फोटो काढायचा राहिलाच.
परत उभी केली तिला.
ती हसत होती.