हयातीचा रकाना

कलेक्टर कचेरीच्या मागच्या खोलीत
लाल फडक्यांत बांधलेले एकोणीस गठ्ठे.
साहेब म्हणाले, यादी करा, मग निकाली काढा.
पंखा लावला तर कागद उडतात,
बंद केला तर मी वितळते.
एप्रिल महिना. सोलापूर.

गठ्ठा सातवा. जखमी शिपायांचं पेन्शन.
आखणी इंग्रजी, आतली अक्षरं मोडी.
अनुक्रमांक एक्केचाळीस:
मलकारी, बाप येताळा, आडनाव बनसोडे, राहणार वळसंग.
छाती तेहतीस, फुगवून पस्तीस.
डाव्या भुवईत खोच, गालावर देवीचे वण.
जातीचा रकाना मात्र एवढा रुंद
की त्यात एक माणूस आडवा झोपेल.

आधी सरकार म्हणालं, तुमची जात लढाऊ नाही.
पंचवीस वर्षं भरतीचं दार बंद.
सतरा साली माणसं कमी पडली
आणि तीच जात एका सकाळी लढाऊ झाली.
लढाई संपली, पलटण मोडली,
जात होती तिथे परत.

उजव्या हाताची दोन बोटं: एडन.
बस, एवढंच.
कुणी मारलं, यानं कुणाला मारलं,
तिथलं पाणी खारट होतं का,
रात्री कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचा,
त्याला रकाना नाही.

दरमहा चार रुपये.
आणि दर मे महिन्यात
वळसंगहून तेरा मैल चालत येऊन
खजिन्याच्या खिडकीसमोर उभं राहायचं,
मी जिवंत आहे म्हणून सांगायला.
डावा अंगठा शाबूत होता.
चोवीस साली शाई जास्त झालीय,
सत्तावीसला अंगठा हललाय,
मागून कुणी ढकललं असेल.
अठ्ठावीस, एकोणतीस. हयात. हयात.

तीस साल कोरं.
शेरा: इसम हजर नाही. शहरात लष्करी अंमल.

नाक्यावर अडवला असेल का त्याला?
सॅल्यूट ठोकला असेल का, तीन बोटांचा?
समोरचा पोरगा कुठल्या मुलखातला कोण जाणे,
हसला असेल, किंवा म्हणाला असेल, डोक्यावरचं काढ.
मला माहीत नाही. मी उगाच लिहितेय.

माझ्या घरी मात्र त्या मे महिन्याची एक गोष्ट आहे.
घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण ही गोष्ट मराठीत सांगतात.
पणजोबा राजमल्लू मादगुंडी, गिरणीच्या रंगखात्यात.
ते म्हणायचे, खाकी हा रंगच नव्हे, तो गंज आहे.
लोखंड शिजवायचं, क्रोम घालायचं,
कॉस्टिकच्या वाफेत थान बुडवायचं
आणि साऱ्या फौजेला गंज नेसवायचा.
त्यांची नखं सरणावरही तांबूसच होती.
मार्शल लॉमध्ये गिरणी बंद, गल्लीत बुटांचा आवाज,
सगळे दाराआड,
आणि हे फटीतून बघत बसलेले.
शिपायाच्या तोंडाकडे नाही, बंदुकीकडे नाही,
कापडाकडे.
हा आमचा थान की शेजारच्या गिरणीचा?
मग मान हलवून म्हणाले, आमचाच. धुतला तरी उतरला नाही.
घरी अजून हसतात यावर.
मीही हसायचे.

एकतीस साली अंगठा पुन्हा.
स्वच्छ, जरा जास्तच दाबून उठवलेला.
हयात.
खाली बारीक अक्षरात: मागील सालची बाकी देय नाही.
त्या साली इसम जिवंत असल्याचा पुरावा नाही.
अठ्ठेचाळीस रुपये वाचले सरकारचे.

अडतीसनंतर तिरकी रेघ,
आणि पुढच्या पानावर लहानसा अंगठा, चंद्राबाईचा,
तोही दोनदाच.

माझ्या यादीत तीनच रकाने आहेत:
नग, साल, शेरा.
शेऱ्यात 'नष्ट करावे' लिहायचंय.
लिहिलं. खोडलं.
डब्यातली शेंगाचटणी कागदाला लागू नये
म्हणून गठ्ठा बाजूला सरकवला.

साहेब दारातून विचारतात, झाला का सातवा?
मी म्हणते, नाही,
एक इसम हजर आहे अजून.